आश्रमशाळांतील बालजीवन-साहाय्य : चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे

घरापासून दूर राहून शिकणाऱ्या, विशेषतः आजारी, भयग्रस्त वा एकाकी पडलेल्या बालकास शालेय जीवनाशी जुळवून घेता यावे, म्हणून त्यास दिले जाणारे भावनिक, सामाजिक व आरोग्यविषयक साहाय्य. पाश्चात्त्य देशांत हे कार्य मुख्यतः रुग्णालयांतून विकसित झाले आणि ते करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीस ‘चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट’ म्हणजे बालजीवन-तज्ज्ञ अशी संज्ञा मिळाली. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांत असा व्यवसाय अस्तित्वात आला नाही. मात्र त्याची गरज ज्या परिस्थितीतून निर्माण होते, ती परिस्थिती येथील आश्रमशाळांत प्रकर्षाने आढळते. हे कार्य कोणी, कसे व कितपत केले, याचा इतिहास हा या भागातील आदिवासी शिक्षणाच्या इतिहासाचाच, परंतु काहीसा दुर्लक्षित राहिलेला भाग आहे.

संकल्पनेचा उगम : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णालयात दाखल केलेल्या मुलास आईबापांपासून दूर ठेवण्याची रीत यूरोप-अमेरिकेत सर्वत्र रूढ होती. पालकांना आठवड्यातून ठराविक वेळीच भेटू देत. मूल रडेनासे झाले, म्हणजे ते रुळले, असा समज होता. दुसऱ्या महायुद्धानंतर हा समज चुकीचा असल्याचे दिसून आले. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिलेल्या प्रबंधात मातृवियोगाचे बालकाच्या मनावर होणारे परिणाम मांडले. त्याचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयातील एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट तयार करून, शांत दिसणारे मूल प्रत्यक्षात खचलेले असू शकते, हे डॉक्टरांच्या नजरेस आणले. ब्रिटनमधील प्लॅट समितीने १९५९ मध्ये पालकांना भेटीची मोकळीक देण्याची शिफारस केली. अमेरिकेत एमा प्लांक या व्हिएन्नात माँटेसरी पद्धतीचे संस्कार घेतलेल्या शिक्षिकेने १९५५ पासून क्लीव्हलंड येथील रुग्णालयात मुलांसाठी खेळ, शिक्षण व धीर देणे यांचा एकत्रित कार्यक्रम उभारला. १९८२ मध्ये या क्षेत्रातील कार्यकर्त्यांची स्वतंत्र परिषद स्थापन झाली.

बालजीवन-तज्ज्ञ औषधोपचार करीत नाही. काय घडणार आहे हे मुलास त्याच्या भाषेत व त्याच्या वयाला समजेल अशा रीतीने अगोदर सांगणे, बाहुली वा चित्रे यांच्या साहाय्याने उपचारांची ओळख करून देणे, खेळातून भय व्यक्त होऊ देणे, कुटुंबास उपचारांत सहभागी करून घेणे ही त्याची मुख्य कामे होत. दीर्घ आजारानंतर मूल शाळेत परतते, तेव्हा शिक्षकांना व वर्गातील मुलांना त्या आजाराची माहिती देऊन त्याचे पुनरागमन सुकर करणे, हेही त्याच्या कार्यात मोडते. भारतात हा व्यवसाय मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांपुरता मर्यादित आहे.

प्रदेश व समाज : पूर्वीचा चांदा जिल्हा १९५६ पर्यंत प्रथम मध्य प्रांत व वऱ्हाड आणि नंतर मध्य प्रदेश यांत, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात समाविष्ट झाला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सु. १०.७३ लक्ष होती. त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ३९ टक्के होते. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून काहीसा अधिक भाग वनाच्छादित आहे. चंद्रपूर जिल्ह्याची लोकसंख्या त्याच वर्षी सु. २२ लक्ष होती. तेथे कोळसा व सिमेंट उद्योगांची वाढ झाली असली, तरी राजुरा, कोरपना व जिवती तालुक्यांच्या डोंगराळ भागात गोंड व कोलाम यांची वस्ती आहे. गडचिरोलीच्या दक्षिण भागात, विशेषतः भामरागड व एटापल्ली तालुक्यांत, माडिया गोंड राहतात. माडिया व कोलाम या दोन्ही जमातींचा समावेश केंद्र शासनाच्या विशेष असुरक्षित आदिम गटांत होतो.

भाषांची विविधता हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य होय. माडिया, गोंडी व कोलामी या द्राविडी कुळातील भाषांचा मराठीशी वंशसंबंध नाही. सिरोंचा भागात तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी आणि चामोर्शी-मुलचेरा भागातील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली बोलली जाते. शाळेची भाषा मात्र बहुतेक ठिकाणी मराठी राहिली. परिणामी पहिलीच्या वर्गात बसलेल्या माडिया मुलास शिक्षकाचे शब्द परके वाटत आणि शिक्षकास मुलाचे रडणेही नीट उमगत नसे.

पारंपरिक बालसंगोपन : माडिया व गोंड समाजांत मुलाचे संगोपन ही एकट्या आईबापांची जबाबदारी मानली जात नाही. चार-पाच वर्षांची मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन हिंडते. मोठ्या मुलांच्या टोळीतून लहान मुले मासे धरणे, पाखरे मारणे, कंदमुळे ओळखणे व ढोरे राखणे शिकतात. मुलास मारणे वा दरडावणे सहसा आढळत नाही. या व्यवस्थेचे संस्थात्मक रूप म्हणजे गोटुल होय [⟶ युवागृह]. बस्तरमधील मुरियांच्या गोटुलाचा सविस्तर अभ्यास व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला आहे. गडचिरोलीकडील गोटुलाचे स्वरूप त्याहून काहीसे भिन्न असून तेथे ते गावाच्या बैठकीचे, पाहुण्यांच्या उतरण्याचे व तरुणांच्या एकत्र येण्याचे ठिकाण असते. स्वरूपात भेद असला, तरी मोठ्या वयाच्या मुलांनी लहानांस रीतिभाती शिकवाव्या व त्यांस सांभाळावे, हे तत्त्व समान आहे. घराबाहेर पण गावातच, समवयस्कांच्या सोबतीने आणि आपल्याच भाषेत शिकण्याची सोय येथे पूर्वापार होती. पुढे आलेल्या निवासी शाळेने यांपैकी समवयस्कांची सोबत तेवढी राखली. गाव व भाषा ही दोन्ही दुरावली.

शिक्षणप्रसाराचा पूर्वेतिहास : आश्रमशाळेची कल्पना ठक्कर बाप्पा यांच्या कार्यातून पुढे आली. त्यांनी १९२२ मध्ये गुजरातेतील पंचमहाल भागात भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले व मुले आणि शिक्षक एकत्र राहून श्रम, स्वावलंबन व अक्षरज्ञान यांचा मेळ घालतील, अशा आश्रमांची सुरुवात केली. गुरुगृही राहण्याच्या प्राचीन परंपरेचा व गांधीप्रणीत मूलोद्योगाचा प्रभाव या कल्पनेवर होता. चांदा जिल्ह्यातील जमीनदारी मुलखात मात्र शाळांचा प्रसार मंदगतीने झाला. मध्य प्रांतातील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करणारे डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यांचा अहवाल १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जमीनदारी क्षेत्रांतील आदिवासींच्या हलाखीचे चित्र आढळते.

याच सुमारास चांद्याच्या दक्षिणेस, तत्कालीन हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात, एक महत्त्वाचा प्रयोग झाला. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मार्लवाई या गावी गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेतील पहिली पुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली आणि गोंड तरुणांनाच शिक्षक नेमण्यात आले. मुलास प्रथम त्याच्या भाषेत व त्याच्या माणसाकडून शिकवावे, हा या योजनेचा गाभा होता. राजकीय स्थित्यंतरानंतर ही योजना मागे पडली. तथापि तिने दिलेला धडा मोलाचा होता. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ३५० अ नुसार प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याची अपेक्षा व्यक्त झाली. चांद्याच्या जंगलात ती दीर्घकाळ कागदावरच राहिली.

महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर याच काळात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे कार्य केले. माँटेसरी पद्धतीतील महागड्या साधनांऐवजी त्यांनी बिया, शिंपले, पाने व माती यांचा वापर केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा अंगणात किंवा ढोरे चरतात त्या कुरणात नेली. मुलाच्या जीवनक्रमास शाळेने जुळवून घ्यावे, हे सूत्र त्यांनी वारल्यांच्या वस्तीत सिद्ध केले. एमा प्लांक यांनी क्लीव्हलंडमध्ये व या दोघींनी कोसबाडमध्ये केलेल्या कार्यास माँटेसरी विचारांचा समान आधार असल्याचे दिसते.

शासकीय आश्रमशाळा : महाराष्ट्रात १९५३-५४ पासून स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांस अनुदान मिळू लागले. १९७२-७३ पासून शासनाने क्षेत्रविकासाचा दृष्टिकोन स्वीकारून स्वतःच्या आश्रमशाळा उघडण्यास आरंभ केला. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९७४–७९) आदिवासी उपयोजना लागू झाली आणि १९८३ मध्ये स्वतंत्र आदिवासी विकास विभाग स्थापन झाला. प्रस्तुत प्रदेशात चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी व भामरागड येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांमार्फत आश्रमशाळांचा कारभार चालतो. संपूर्ण राज्यात सु. ५०० शासकीय आणि त्यांहून काहीशा अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. तेथे निवास, भोजन, कपडे, अंथरूण-पांघरूण, पुस्तके व शिक्षण विनामूल्य मिळते.

या योजनेमागील कारणे व्यवहार्य होती. पाच-पंचवीस घरांचे पाडे एकमेकांपासून दूर विखुरलेले, मधे नद्या-नाले, पावसाळ्यात वाटा बंद. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. प्रत्येक पाड्यावर शिक्षक टिकणे कठीण होते. त्यातच मोहफुले वेचण्याचा, तेंदूपाने तोडण्याचा व धानरोवणीचा हंगाम आला, की मूल घरच्या कामास लागे. निवासी शाळेत मुलाची हजेरी टिकते, दोन वेळच्या अन्नाची निश्चिती होते व शिक्षण अखंड चालते, हा युक्तिवाद योग्यच होता. या भागातून पुढे आलेले अनेक शिक्षक, परिचारिका, वनरक्षक, डॉक्टर व लोकप्रतिनिधी आश्रमशाळेतूनच शिकले, ही गोष्ट नाकारता येणार नाही.

आश्रमशाळेची पदरचना मात्र शिक्षण, भोजन व राखण या तीन गरजा डोळ्यांसमोर ठेवून झाली. मुख्याध्यापक व शिक्षक शिकविणार, स्वयंपाकी व कामाठी रांधणार आणि झाडलोट व पाणी पाहणार, चौकीदार राखण करणार, तर अधीक्षक वा अधीक्षिका वसतिगृहाची व्यवस्था ठेवणार, अशी ही विभागणी होय. सहा वर्षांच्या मुलाचे मन सांभाळण्यासाठी वेगळे पद नव्हते. कागदोपत्री ते काम अधीक्षकाकडे असले, तरी शेकडो मुलांची हजेरी, धान्याचा साठा, साहित्याचे वाटप व अहवाल यांतच त्याचा दिवस सरे. अधीक्षिकेचे पद रिक्त असले, तर लहान मुलींना आजारपण वा पहिली मासिक पाळी यांविषयी सांगण्यास मोठ्या मुलींवाचून कोणी उरत नसे.

बालकाच्या दृष्टीतून निवासी शाळा : जून महिन्याच्या अखेरीस बाप मुलाला घेऊन शाळेत येतो, नाव घालतो व संध्याकाळपर्यंत परत फिरतो. मुलासाठी त्या एका दिवसात सर्वच बदलते. जमिनीवर पसरलेल्या गोधडीऐवजी लांबच लांब खोली, ओढ्याच्या अंघोळीऐवजी नळापुढची रांग, हवे तेव्हा मिळणाऱ्या आंबिलीऐवजी घंटेवर मिळणारे जेवण आणि हाक मारण्याच्या नावाऐवजी हजेरीपटावरील नाव. प्रवेशानंतरच्या काही आठवड्यांत मुले शाळेतून पळून जातात, ही बाब आश्रमशाळांत नित्याची आहे. कित्येक कोस जंगल तुडवून घरी पोहोचणारी मुले आढळतात. कार्यालयीन भाषेत याची नोंद ‘गळती’ अशी होते. प्रत्यक्षात तो वियोगाचा आविष्कार असतो. रॉबर्टसन यांनी वर्णिलेल्या निषेधाच्या पहिल्या अवस्थेशी त्याचे साम्य आहे. जे मूल पळत नाही व कोपऱ्यात गप्प बसते, ते रुळले असे समजणे हीही तशीच चूक ठरते.

१९८० पासून दक्षिण गडचिरोलीत सशस्त्र नक्षलवादी दलांचा शिरकाव झाला व पुढील अनेक दशके हा भाग हिंसेच्या छायेत राहिला. नातेवाइकांचे मृत्यू, रात्री-अपरात्रीच्या झडत्या व दोन्ही बाजूंचा संशय यांतून आलेली मुले वर्गात बसत. त्यांच्या मनावरील आघाताची दखल घेणारी व्यवस्था शाळेत नव्हती. अशा काळात आश्रमशाळा हे अनेक मुलांसाठी घरापेक्षा सुरक्षित ठिकाणही ठरले, ही त्याची दुसरी बाजू होय.

आजार व शाळा : या प्रदेशातील विद्यार्थ्यांच्या आजारांत हिवताप, त्वचारोग, रक्तक्षय, कुपोषण, सर्पदंश व सिकलसेल यांचा समावेश होतो. राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा दीर्घकाळ सर्वाधिक राहिला असून त्यात मेंदूवर परिणाम करणारा फॅल्सिपेरम प्रकार आढळतो. तापलेले मूल रात्री गप्प पडून राहिले आणि सकाळी उठलेच नाही, अशा घटना टाळण्यासाठी निदानाइतकेच महत्त्व, मुलाने ‘मला बरे नाही’ असे सांगण्याला व ते ऐकून घेणारे कोणी जवळ असण्याला आहे. परक्या भाषेत दुखणे सांगता येत नाही; ही अडचण वैद्यकीय नोंदींत दिसत नाही, पण जीवघेणी ठरू शकते.

सिकलसेल (दात्रकोशिका) हा आनुवंशिक रोग मध्य भारतातील गोंड, माडिया, परधान इ. जमातींत व इतर काही समाजांतही आढळतो. आई व बाप या दोघांकडून दोषयुक्त जनुक आल्यास मूल रोगी होते. एकाकडूनच आल्यास ते वाहक असते व सामान्यतः निरोगी जीवन जगते. रोगी मुलाच्या रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात व हाडासांध्यांत असह्य वेदना उद्‌भवतात. थंडी, तहान, अतिश्रम व जंतुसंसर्ग यांनी वेदनांचा झटका येतो. आश्रमशाळेच्या दिनक्रमात ही सर्व कारणे एकवटतात. पहाटेची थंड पाण्याची अंघोळ, उन्हातील कवायत, पाण्यासाठीची रांग या गोष्टी इतरांना निरुपद्रवी असल्या, तरी अशा मुलास घातक असतात. रोगाचे निदान झालेले नसल्यास वारंवार अंग दुखते म्हणणारे मूल आळशी वा कामचुकार ठरते आणि शिक्षेस पात्र होते. निदान झाल्यावर मूल पुष्कळदा वेगळे पडते. हा आजार संसर्गजन्य आहे, असा गैरसमज सोबत्यांत पसरतो. मुलीच्या बाबतीत तर लग्न जुळण्याच्या भीतीने घरचे लोक रोग लपवितात.

येथे बालजीवन-साहाय्याचा नेमका उपयोग दिसून येतो. फोलिक आम्ल, आवश्यक तेथे हायड्रॉक्सियूरिया ही औषधे व गरजेनुसार रक्तसंक्रमण हे वैद्यकाचे काम. परंतु मुलाजवळ पाण्याची बाटली असावी, त्यास कवायतीतून सवलत मिळावी, झटका आल्यावर कोणास सांगावे हे त्यास ठाऊक असावे आणि वर्गातील मुलांना हा रोग शिवल्याने होत नाही हे समजावे, ही कामे शाळेतच व्हावी लागतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमानुसार शाळांतून आरोग्यतपासणी होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सिकलसेल रोगाचा समावेश झाला आणि १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. तपासणीची व्याप्ती त्यामुळे वाढली. तपासणीनंतर मुलास त्याच्या रोगाविषयी कोण सांगणार, हा प्रश्न मात्र शाळेपुढे उरतोच.

हेमलकसा येथील कार्य : या प्रदेशात शाळा व रुग्णालय एकाच आवारात नांदवून बालकाचा समग्र विचार करण्याचा सर्वांत उल्लेखनीय प्रयत्न लोकबिरादरी प्रकल्पाने केला. वरोरा येथील आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळील हेमलकसा येथे हा प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे, डॉ. मंदाकिनी आमटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रारंभी झाडाखाली व झोपडीत रुग्णसेवा केली. लोक अनोळखी माणसांस बिचकत. म्हणून कार्यकर्त्यांनी प्रथम माडिया भाषा आत्मसात केली. रुग्णासोबत त्याच्या कुटुंबाने राहावे, आवारातच चूल मांडून रांधावे, अशी मोकळीक तेथे प्रारंभापासून होती. प्लॅट समितीने ब्रिटनमधील रुग्णालयांना जे सुचविले, ते येथे लोकांच्या रीतीस मान दिल्यामुळे सहजपणे घडून आले.

१९७६ मध्ये प्रकल्पाने आश्रमशाळा काढली. आईबाप मुले पाठविण्यास राजी नव्हते आणि आलेली मुले पळून जात. रुग्णालयात बरा झालेल्या रुग्णाचा विश्वास हाच शाळेचा पहिला आधार ठरला. मुलांशी त्यांच्या भाषेत बोलणे, शिक्षेऐवजी खेळ व श्रम यांवर भर देणे, शेती व हस्तकौशल्ये यांचा अंतर्भाव करणे ही शाळेची वैशिष्ट्ये होत. आवारातील वन्य प्राण्यांच्या अनाथालयामुळे शाळेत आलेल्या मुलास जंगल पूर्णपणे तुटल्यासारखे वाटले नाही. आजारी मूल रात्रीबेरात्री रुग्णालयात पोहोचू शके व बरे होताच वर्गात परतू शके. डॉक्टर, शिक्षक व पालक एकमेकांस ओळखत. रुग्णालय व शाळा यांमधील जो दुवा बालजीवन-तज्ज्ञ साधतो, तो येथे व्यक्तीऐवजी संपूर्ण वसाहतीने साधला. शाळेचे काही विद्यार्थी पुढे डॉक्टर, वकील व शिक्षक झाले आणि त्यांतील काही आपल्या भागातच सेवेसाठी परतले. या कार्याबद्दल डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

शोधग्राम : डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली येथे स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेचे कार्य मुख्यत्वे नवजात बालकांच्या आरोग्याशी निगडित असले, तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याच्या दोन बाजू लक्षणीय आहेत. पहिली रुग्णालयाच्या रचनेची. आदिवासींना मोठ्या इमारतीतील दवाखान्याचे भय वाटते, असे चौकशीअंती समजल्यावर शोधग्रामातील रुग्णालय गावातील घरांसारख्या झोपड्यांच्या स्वरूपात बांधण्यात आले व त्यास दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. भय हे अज्ञानातूनच येते असे नाही, ते परक्या वास्तूतूनही येते, हे त्यावरून स्पष्ट झाले. दुसरी बाजू ‘तारुण्यभान’ या शिबिरांची. डॉ. राणी बंग यांनी किशोरवयीन मुलामुलींशी शरीर, लैंगिकता व नातेसंबंध यांविषयी मोकळा संवाद साधण्याची रीत शाळा-महाविद्यालयांत रुजविली. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना तिचा विशेष उपयोग होतो.

अनामिक कार्यकर्ते : संस्थांच्या उल्लेखाने हा इतिहास पूर्ण होत नाही. आश्रमशाळेत बालकास प्रत्यक्ष धीर देण्याचे काम पुष्कळदा ज्यांच्या पदनामात त्याचा उल्लेख नाही, अशा व्यक्तींनी केले. स्वयंपाकीण व कामाठी ही माणसे सहसा जवळच्या गावची व मुलाचीच भाषा बोलणारी असतात. रडणारे मूल वर्गातून उठून स्वयंपाकघराच्या ओट्याशी जाऊन बसते, त्याचे कारण हेच होय. वरच्या वर्गातील मुलामुलींनी लहानांची वेणीफणी करावी, ताप आल्यास उशाशी बसावे, घरच्यांस निरोप पोहोचवावा, ही गोटुलातील वडीलधारेपणाची रीत वसतिगृहात टिकून राहिली. आठवडी बाजाराच्या दिवशी आईबाप मुलास भेटण्यास येत. काही मुख्याध्यापकांनी या भेटीस नियमांची आडकाठी केली नाही, तर काहींनी शिस्तीच्या नावाखाली ती रोखली. शाळेविषयी गावाचे मत बहुधा या एका गोष्टीवरून ठरत असे.

सुरक्षितता व कायदे : आश्रमशाळांतील बालमृत्यू व अत्याचारांच्या घटनांमुळे या व्यवस्थेच्या उणिवा सार्वजनिक चर्चेचा विषय झाल्या. माजी आरोग्य महासंचालक डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१६ मध्ये राज्यातील आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंसंबंधी अहवाल सादर करून आरोग्यसेवेतील त्रुटींकडे लक्ष वेधले. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये अपराधाची माहिती पोलिसांस देणे बंधनकारक आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. शिवाय शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण देणे व मुलास भय, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवणे, ही अभ्यासक्रमाची उद्दिष्टे म्हणून नमूद केली. बालजीवन-साहाय्याचे संपूर्ण तत्त्व या तरतुदीत सामावलेले आहे. भयमुक्तीसाठी नेमके कोणी उत्तरदायी असावे, हे मात्र तीत सांगितलेले नाही.

अलीकडील प्रवाह : मूल घरापासून तोडण्याऐवजी शाळाच गावाजवळ आणावी, हा विचार पुन्हा बळावत आहे. लोकबिरादरी प्रकल्पाने २०१५ मध्ये भामरागड तालुक्यातील नेलगुंडा येथे शाळा सुरू केली. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः उघडून तिला गोटुल हेच नाव दिले; शासकीय मान्यतेवरून पुढे वाद उद्‌भवला. मार्लवाई येथे १९४३ मध्ये बाहेरच्या अभ्यासकाने मांडलेला विचार येथे गावाने आपण होऊन स्वीकारला, हे लक्षणीय आहे. दुसरीकडे केंद्र शासनाच्या एकलव्य आदर्श निवासी शाळांच्या सुधारित पदरचनेत परिचारिका व समुपदेशक यांची स्वतंत्र पदे अंतर्भूत करण्यात आली आहेत. या शाळांत प्रवेश सहावीपासून असल्याने अगदी लहान मूल घरापासून दूर जात नाही.

मूल्यमापन : आश्रमशाळेने अरण्यातील मुलास अन्न, अक्षर व संधी दिली. त्याची किंमत मात्र मुलाने वियोगाच्या रूपाने मोजली आणि ती किंमत फारशी मोजली गेली नाही, याचे कारण ती हजेरीपटात वा निकालपत्रकात उमटत नाही. पाश्चात्त्य नमुन्याचा बालजीवन-तज्ज्ञ प्रत्येक शाळेत नेमणे व्यवहार्य नसेल. तथापि त्याच्या कार्याची अंगे या प्रदेशात विखुरलेल्या स्वरूपात पूर्वीपासून आहेत. मार्लवाईची भाषादृष्टी, कोसबाडची खेळपद्धती, हेमलकशातील रुग्णालय व शाळा यांचा मेळ, गोटुलातील थोरल्यांची जबाबदारी आणि स्वयंपाकघरातील मायेचा शब्द ही ती अंगे होत. त्यांस प्रशिक्षणाची, पदाची व मानधनाची जोड मिळाल्यास स्थानिक तरुण-तरुणींतून असा कार्यकर्तावर्ग उभा राहू शकेल. मुलाची भाषा जाणणारी, त्याचे आजारपण ओळखणारी व त्याच्या घरचा रस्ता माहीत असलेली एक व्यक्ती प्रत्येक वसतिगृहात असणे, ही या दोन्ही जिल्ह्यांतील शिक्षणव्यवस्थेची अद्यापि अपुरी राहिलेली गरज आहे.